बाकाला मुकादमची हरकत

बाकाची कल्पना ग्रंथपालबाईंना सुचली तेव्हा ती इतकी साधी होती, की तिच्यात बिघडण्यासारखं काही असेल असं कुणालाही वाटलं नसतं. बसायला एक फळी, टेकायला पाठ आणि खाली पाय. बाबांच्या आठवणीसाठी असा एक बाक करून घ्यायचा आणि डोंगराखालच्या फाट्यावर नेऊन ठेवायचा. बस्स.

फाटाच का, याला कारण होतं. निवृत्त झाल्यापासून बाबा दर गुरुवारी डोंगरापलीकडच्या गावी, आपल्या जुन्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जात. परत येताना फाट्यावर एक बस सोडून दुसरी पकडावी लागे, आणि या दुसऱ्या बसचं वेळेशी जुनं भांडण होतं. संध्याकाळी घरी आले की चपला काढण्याआधीच बाबा म्हणत, "त्या फाट्यावर माणसानं टेकायचं कुठं, सांगा मला." मग ते आरामखुर्चीत टेकत. पाणी येई, चहा येई, आणि रिकामा कप ज्या जागी ठेवला त्या जागी राही. बाबांनी जन्मात कधी कप विसळला नव्हता. यात माज नव्हता. कप आपोआप स्वच्छ होतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि आईनं ती कधी मोडली नव्हती.

बाबा जाऊन आता काही महिने झाले होते. गुरुवारी संध्याकाळी दार वाजत नाही आणि ते वाक्य ऐकू येत नाही, याची घराला अजून सवय होत नव्हती. म्हणून बाक.

बाईंनी आधी आईला सांगितलं. आई मटार सोलत होती.

"बाक?"

"हो. बाबा तिथं ताटकळत उभे राहायचे ना."

"घरात कधी उभे राहिले नाहीत, म्हणून लक्षात राहिलं असेल त्यांच्या," आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

यालाच परवानगी समजून बाई कामाला लागल्या. पण इमारतीत राहून एखादी गोष्ट एकट्यानं करता येत नाही. वरच्या मजल्यावर इंजिनिअरकाका राहत. त्यांनी उभा जन्म पूल बांधण्यात घालवला होता, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावरून भरलेला ट्रक गेला तर काय होईल, हा विचार त्यांच्या मनात आधी येई.

"लाकूड नको, वाळवी लागते," ते म्हणाले. "लोखंड नको, चोरीला जातं. दगड घ्या. किती माणसं बसणार?"

"तिघं बसली तरी पुष्कळ."

"म्हणजे बारा धरू."

बारा माणसं धरल्यावर फळीची शिळा झाली आणि पायांचे खांब झाले. समोरच्या काकूंना दगड पसंत होता, पण छप्पर नसलेला बाक म्हणजे माणसाला घरी बोलावून अंगणात उन्हात बसवण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. छप्पर आलं की दिवा लागतो, आणि दिव्याखाली बसलेल्या माणसाला तहान लागतेच. चहा संपेपर्यंत बाकाचं छोटंसं बसस्थानक झालं होतं आणि काकू त्याच्या भिंतींचा रंग ठरवत होत्या. बाईंनी मन घट्ट करून छप्पर, दिवा आणि पाणी कापून टाकलं. काकू पुढचे काही दिवस जिन्यात भेटल्या की आभाळाकडे बघून "ऊन काय पडतंय" एवढंच म्हणत.

पाठीवर लावायच्या पाटीवरचा मजकूर मात्र बाईंनी कुणाला लिहू दिला नाही. वाचनात आयुष्य गेलेलं. त्यांच्या मनात एकच ओळ होती, नाव आणि त्याखाली काही नाही. पण बाबांच्या धाकट्या भावाचा फोन आला, की पदवी हवी. पुन्हा आला, की हुद्दा हवा, आणि हुद्द्याच्या आधी 'निवृत्त' हवं, नाहीतर लोकांना वाटेल की अजून कामावर आहेत. अखेर नाव, पदवी, हुद्दा, 'यांच्या स्मरणार्थ' अशी उतरंड झाली आणि शेवटी बाईंनी आपली ओळ घातली: 'श्रांत पांथस्थांच्या विसाव्यासाठी'. ही ओळ त्यांनी बराच खल करून केली होती. 'पांथस्थ' या शब्दावर तर त्यांचा मनातून जीव जडला होता.

बाक तयार झाला. आता रस्ते खात्याची परवानगी. खिडकीमागच्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाक जमिनीत पक्का करणार, की नुसता ठेवणार?"

"तुम्ही सांगाल तसं."

"पक्का केला तर ते बांधकाम. बांधकामाला नकाशा लागतो. नुसता ठेवला तर रस्त्याकडेची बेवारस वस्तू. ती आम्ही उचलून नेतो."

"मग तिसरं काही नाही का?"

"तिसरं काही असतं तर तुम्हाला इथं यावंच लागलं नसतं, बाई."

पुढच्या खेपेला साहेब भेटले. साहेबांची कंबर धरलेली असल्यामुळे बसणं या विषयाबद्दल त्यांना मनापासून आस्था होती. त्यांनी चित्र उलटसुलट करून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "यावर मजकूर आहे की. म्हणजे हा फलक झाला. फलकाला परवानगी देता येते." अशा रीतीनं 'माहितीफलक, दगडी, एक' या नावाखाली बाक मंजूर झाला. त्याच्यावर बसता येतं, हा त्या फलकाचा खाजगी मामला. ज्या बाईंनी सगळी नोकरी प्रत्येक पुस्तक त्याच्या योग्य कप्प्यात ठेवण्यात काढली, त्यांना आपल्या वडिलांचा बाक चुकीच्या कप्प्यात गेलेला बघून यातना झाल्या. पण शिक्का उमटलेला होता. त्याखाली बारीक अक्षरात एक अट होती: स्थानिकांची हरकत नसावी.

बाईंनी फाट्याजवळच्या गावच्या कार्यालयात फोन लावला.

"आमची काही हरकत नाही," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण फाट्यावरचं तेवढं मुकादमला विचारा."

"मुकादम कोण?"

"गेलात की कळेल."

बाईंच्या डोळ्यांसमोर भरघोस मिशांचा, खाकी कपड्यातला एक उग्र माणूस उभा राहिला. त्याच्यासाठी त्यांनी काही नम्र वाक्यं मनाशी जुळवली आणि बिस्किटांचा एक मोठा डबा घेतला.

गुरुवार बघून टेम्पो ठरवला. चालकानं निघण्यापूर्वीच आपली हद्द आखून दिली. "मी चालवतो. उचलणं माझ्याकडे नाही." इमारतीतले सगळे पुरुष खाली उतरले, तेव्हा कुठे बाक टेम्पोत चढला. तो उतरवायचा कसा, हा प्रश्न बाईंच्या मनात आला होता. पण इंजिनिअरकाकांनी तो तिथल्या तिथे सोडवला होता. "उतरवताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूनं असतं," ते म्हणाले, आणि चहा घ्यायला वर निघून गेले.

फाटा बाईंनी पहिल्यांदाच पाहिला. दोन रस्ते, एक मोठं झाड, झाडाखाली हातपंप आणि पंपाशेजारी दुधाच्या कॅनची रांग. एक गलेलठ्ठ गृहस्थ टाय खांद्यावर टाकून पंपाचा दांडा मारत होते. ते विमा एजंट आहेत हे पुढे कळलं. एक कॉलेजातला मुलगा फोन दातांत धरून दोन्ही हातांनी कॅनचं झाकण घासत होता. बाईंना वाटलं, डेअरीची माणसं असतील. आणि मधोमध, शाळेच्या कपड्यात, फ्रॉक गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही वेण्या डोक्यावर चिंधीनं बांधलेली अकराएक वर्षांची मुलगी कॅनमध्ये खांद्यापर्यंत हात घालून बसली होती.

तिनं वर न बघताच सांगितलं, "टेम्पो मागं घ्या. तिथं डेअरीची गाडी लागते."

वाटेत बाईंचं एकही म्हणणं न ऐकलेल्या चालकानं निमूटपणे टेम्पो मागं घेतला.

"बाळ, इथले मुकादम कुठं भेटतील?" बाईंनी विचारलं.

"ह्याच की," दांडा न थांबवता विमा एजंट म्हणाले.

मुलीनं कॅनमधून हात काढला. "काय काम होतं, मावशी?"

मनाशी जुळवलेली नम्र वाक्यं मिशांच्या मापाची होती. ती इथं बसेनात. बाईंनी कसंबसं बाकाचं सांगितलं. मुकादमनं हात फ्रॉकला पुसले, टेम्पोच्या मागच्या फळीवर चढली, गोणपाटात गुंडाळलेला बाक थोडा उघडून पाहिला आणि त्याच्यावर टकटक केलं.

"यावर काय करायचं?"

"बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. बसून बसची वाट बघायची."

"मग नको," मुकादम म्हणाली आणि खाली उतरली.

रस्ते खात्यानंसुद्धा बाईंना इतक्या थोडक्यात वाटेला लावलं नव्हतं. "नको म्हणजे?"

"हे बघा मावशी. आत्ता इथं बसायला काही नाही. म्हणून माणूस उभा राहतो. उभं राहून कंटाळतो. कंटाळला की मी त्याला झाकण देते. झाकण धुतलं की कॅन उलटा करून देते, बस म्हणून. तुमच्या बाकावर तो आल्या आल्याच बसणार. बसलेला माणूस उठतो का?"

हे सगळं ती हात चालवत सांगत होती. खालच्या वस्तीतलं दूध ती शाळेतून आल्यावर हातगाडीवरून फाट्यापर्यंत आणायची. डेअरीची गाडी भरलेले कॅन घेऊन जायची आणि सकाळचे रिकामे टाकून जायची. ते धुऊन परत घरोघर पोचवायचे. आई गुरांकडे, आजोबांचा गुडघा गेलेला. "एकटीनं केलं तर अंधार होतो," ती म्हणाली. "मग अभ्यास राहतो. मग शाळेत बाई ओरडतात."

"मलाही पहिल्यांदा राग आला होता," विमा एजंट बाईंना म्हणाले. "आता बस वेळेवर आली तर चुकल्यासारखं वाटतं."

पण बाई मागं हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. प्रश्न बाबांचा होता. बाबा या जागी वर्षानुवर्षं उभे राहिले, आणि आज बाक असाच परत नेला तर त्यांचं ते उभं राहणं कायमचं तसंच राहणार, असं काहीतरी त्यांच्या मनात दाटून आलं. ते बोलता येण्यासारखं नसल्यामुळे त्या सार्वजनिक सोयींवर बोलू लागल्या. म्हातारी माणसं, त्यांचे गुडघे, विश्रांतीचा हक्क, सुधारलेल्या समाजाचं लक्षण. भाषण चांगलं रंगात आलं असताना त्यांच्या हातात काहीतरी ओलं आणि गार आलं.

"बोलता बोलता घासा," मुकादम म्हणाली.

बाईंनी पर्स काखेत दाबली आणि झाकण घासलं. विश्रांतीचा हक्क चालूच होता. झाकण परत दिलं. मुकादमनं ते उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं आणि बोट बाईंना दाखवलं.

"हे बाहेरून झालं. आतून राहिलं."

ग्रंथालयात गेली कित्येक वर्षं बाई प्राध्यापकांना परत आलेल्या पुस्तकांची पानं दुमडल्याबद्दल बोल लावत आल्या होत्या. आपल्या हातचं काम कुणी परत करण्याची ही पहिलीच वेळ. त्या मुकाट्यानं पुन्हा घासू लागल्या.

"असू दे, जमेल," मुकादम त्यांची समजूत काढत म्हणाली. "एक आजोबा यायचे, ते पण असंच करायचे. आधी भरपूर बोलायचे."

"कोण आजोबा?"

"गुरुवारचे. डोंगरावरनं येते त्या वरच्या बसनं उतरायचे. पिशवीत बुद्धिबळाचा डबा, खिशात पेपरमिंट. पहिल्या दिवशी मी झाकण दिलं तर म्हणाले, अगं, मी ऑफिसात सगळ्यांचा वरचा होतो. मी म्हटलं, मग तुम्ही झाकणं नका घेऊ. मोठे कॅन घ्या."

विमा एजंट हसले. बाईंचा हात झाकणावर थांबला होता.

"मग?"

"मग काय. घेतले. बाह्या वर करून, आतपर्यंत हात घालून धुवायचे. छान धुवायचे हां. त्यांचं मला परत बघावं लागायचं नाही."

"म्हणजे ते उभे नसायचे इथं?"

"उभे कशाला?" मुकादमनं झाडाच्या बुंध्याशी उपडा ठेवलेला एक कॅन दाखवला. एका बाजूनं चेपलेला, बूड सपाट झालेलं. "तो त्यांचा. दुधाला चालत नाही आता, बसायलाच ठेवलाय. काम झालं की त्यावर बसून मला घोडा कसा चालतो ते सांगायचे."

बाईंनी कॅनकडे पाहिलं. बाबांच्या त्या एका वाक्यावर त्यांनी दगडी बाक उभा केला होता. इंजिनिअर, कारकून, साहेब, टेम्पो, सगळं त्या वाक्यानं हलवलं होतं.

"घरी तर म्हणायचे, फाट्यावर टेकायला जागा नाही."

मुकादमला हसू आलं. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. "ते असंच सांगायचं ठरलं होतं. म्हणाले, हे मला येतं असं घरी कळलं तर गुरुवार सोडून बाकीचे दिवस पण धुवावं लागेल. कुणाला सांगू नको." मग तिनं बाईंकडे नीट बघितलं. "तुम्ही त्यांच्या घरच्या का?"

"मुलगी."

"अरे देवा," मुकादम हळूच म्हणाली. "मग मी सांगूनच टाकलं." ओशाळून तिनं हात पुन्हा फ्रॉकला पुसले. मग तिनं विचारलं, "ते आता का येत नाहीत? खेळ संपला का त्यांचा? माझं उंटापर्यंत आलंय. वजीर राहिलाय."

बाईंनी पुष्कळ वाचलं होतं. त्या सगळ्यातून इथं म्हणता येईल असं एक वाक्य त्यांना आठवेना. त्यांची नजर टेम्पोकडे गेली. मुकादमनं ती नजर पाहिली. ती पुन्हा फळीवर चढली आणि तिनं या खेपेला गोणपाट पाठीपर्यंत बाजूला केलं. शाळेत वाचतात तसं, शब्दाखाली बोट धरून, मोठ्यानं तिनं वाचायला सुरुवात केली. नाव झालं. पदवी अडखळत झाली. हुद्दा झाला. "यांच्या," ती म्हणाली, "स्म-र-णा..." आणि बोट तिथंच राहिलं.

पंपाचा दांडा थांबला.

मुकादमनं गोणपाट परत होतं तसं ओढलं. त्याची टोकं नीट आत खोचली. खाली उतरून तिनं धुऊन पालथा घातलेला एक कॅन उचलला आणि तो पुन्हा घासायला घेतला. तो स्वच्छ आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. विमा एजंटांनी फक्त दांडा मारून पाणी दिलं. बाई तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि आपलं झाकण घासू लागल्या, आतून.

बऱ्याच वेळानं मुकादम म्हणाली, "त्यात पांथस्थ लिहिलंय. ते काय असतं?"

"प्रवासी."

"मग प्रवासी का नाही लिहिलं?"

बाईंनी विचार केला. या शब्दाच्या बाजूनं त्यांच्याकडे बरंच काही होतं, पण हातात झाकण असताना त्यातलं काही टिकेना. "चुकलंच," त्या म्हणाल्या.

मुकादम उठली. झाडापासून पंपापर्यंत दोनदा चालून आली. "तिथं ठेवायचा," तिनं बोट दाखवलं. "रस्त्याकडे तोंड करून नाही. पंपाकडे. बसल्या जागी हाताला झाकण आलं पाहिजे."

अट घालून का होईना, स्थानिकांची हरकत उठली होती. आता गुरुत्वाकर्षणाची पाळी. टेम्पोतून बाक खाली आणायला चौघे लागले. त्यातले दोघे विमा एजंट होते, असं चालक नंतर सांगत असे, इतकं वजन त्यांनी एकट्यानं घेतलं. पण जमिनीवर आलेला बाक तिथंच रुतून बसला. गुरुत्वाकर्षण आता कुणाच्याच बाजूनं नव्हतं. तेवढ्यात वरची बस आली. मुकादम तिच्या दारात जाऊन उभी राहिली, काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण आतली सगळी माणसं खाली उतरली. कंडक्टरनं शिटी तोंडात धरली. बसचालकानं बाही सरसावली. आणि टेम्पोचा चालक एका कोपऱ्याला हात घालून, "उचलणं माझ्याकडे नाही," असं पुटपुटत उचलू लागला. बाक पंपाशेजारी गेला. पाठ रस्त्याकडे झाल्यामुळे पाटी जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येत होती. बसायच्या बाजूला मुकादमनं दप्तरातून खडू काढून स्वतःचा मजकूर लिहिला: 'बसणाऱ्यानं आधी झाकण धुवावं.' माहितीफलक म्हणून मिळालेली परवानगी अखेर कारणी लागली.

बिस्किटांचा डबा मुकादमनं ताब्यात घेतला आणि ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वाटला. विमा एजंटांना मूठभर मिळाली. बाईंना अर्धं. त्यांचं एकच झाकण झालं होतं.

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई ओट्याशी उभी होती. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर मात्र विचारलं, "कोण धुवायचं म्हणालीस?"

"बाबा."

"ह्यांनी?"

"हो."

आईनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "आतून पण?"

"खांद्यापर्यंत हात घालून. त्यांचं परत बघावं लागायचं नाही म्हणे."

आईनं फडताळ उघडलं. बाबांचा कप पुढच्याच खिळ्याला टांगलेला होता. तिनं तो काढला, आत डोकावून पाहिला आणि परत टांगला. "गुरुवारी त्यांची पाठ धरायची," ती म्हणाली. "फाट्यावर उभं राहून धरते म्हणायचे. मी शेकत बसायचे. गरम पाण्याची पिशवी करकरून माझे हात भाजायचे." तिचे खांदे हलायला लागले. बाई घाबरून जवळ गेल्या. आई हसत होती. किती तरी महिन्यांत तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते ओळखायला थोडा वेळ लागला. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि पुसतच राहिली.

"उभं राहून म्हणे," ती शेवटी म्हणाली. "वाकून धरायची ती. मला ने पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी बाई तिला घेऊन गेल्या. फाट्यावर बाक भरलेला होता. विमा एजंट, एक म्हातारे गृहस्थ, एक नवं जोडपं आणि आणखी बरेच जण, सगळ्यांच्या मांडीवर झाकणं होती. बारा धरणाऱ्या इंजिनिअरकाकांचं अगदीच चुकलं नव्हतं. आईला बघून विमा एजंट उठले आणि जागा करून देऊ लागले.

मुकादमनं हात पुसत विचारलं, "ह्या कोण?"

"गुरुवारच्या आजोबांच्या घरच्या," बाई म्हणाल्या.

मुकादमनं आईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आई तिच्याकडे बघत होती. मग आईनं बाकाच्या पाठीवरून हात फिरवला, पाटी वाचली, "दगड गार लागतो गं," असं म्हणाली आणि बाकाला वळसा घालून झाडाकडे गेली. चेपलेल्या कॅनवर ती सावकाश बसली. खेपा, शिक्के, टेम्पो आणि ती शिळा, सगळं तिच्या पाठीमागं राहिलं. बाईंनी पाटीवरची धूळ उगाचच पुसली. त्यात दुःख किती होतं आणि बाकाचा अपमान किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बसल्या बसल्या आईचा हात सवयीनं जवळच्या झाकणाकडे गेला. मुकादमनं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तुम्ही नुसत्या बसा, आजी. तुमच्या वाटचं आजोबांनी धुऊन ठेवलंय."

आईला नुसतं बसायला सांगणारं आजवर कुणी भेटलं नसावं. हातांचं काय करायचं ते तिला पहिल्यांदा समजेना. मग तिनं ते मांडीवर ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली, वरच्या बसची वाट बघावी तशी.

बाईंचे डोळे भरून आले. आता आपणही जरा टेकावं, असं त्यांना वाटलं. विमा एजंटांनी रिकामी केलेली जागा होतीच. त्या बाकावर बसल्या आणि पहिल्यांदाच पाठ टेकवून त्यांनी डोळे मिटले. मांडीवर काहीतरी ओलं आणि गार येऊन पडलं.

"मावशी," मुकादम म्हणाली, "वाचता येतं ना तुम्हाला?"